नोकरीच्या अर्जातले रकाने : मालकाने किती विचारावे, आपण किती सांगावे?

बारावीचे आणि आयटीआयचे निकाल लागले की आमच्याकडे जुन्या विद्यार्थ्यांची ये-जा वाढते. कोणाला दाखल्यावर सही हवी असते, कोणाला अर्ज तपासून घ्यायचा असतो. जुन्नर आणि आंबेगाव हे दोन्ही तालुके तसे शेतीचे. नारायणगावचा टोमॅटो, ओतूरचा कांदा, मंचरची बाजार समिती यांवर इथला बाजार चालतो. पण ज्या घरात शेती नाही त्या घरातला मुलगा शेवटी पुणे-नाशिक रस्त्याने खाली उतरतो. चाकण, भोसरी, नाहीतर रांजणगाव. मुली मंचर, नारायणगाव, आळेफाट्याच्या दुकानांत, दवाखान्यांत, खासगी शाळांत काम शोधतात.

यंदा असाच एक मुलगा आला. आयटीआय झालेला, फिटर. त्याच्या हातात एका ठेकेदाराचा चार पानी फॉर्म होता. नाव, पत्ता, शिक्षण हे तर होतेच. त्याखाली धर्म, जात, वडिलांचा व्यवसाय, घर स्वतःचे की भाड्याचे, लग्न झाले का, मुले किती, कोणता आजार आहे का, तीन नातेवाइकांची नावे व मोबाइल नंबर, फेसबुक-इन्स्टाग्रामचे खाते असे रकाने होते. शेवटी एक ओळ होती : मूळ गुणपत्रिका कार्यालयात जमा कराव्यात.

तो म्हणाला, "सर, ये पूरा भरनाच पडता क्या?"

खरे सांगायचे तर त्या क्षणी आमच्याकडे पक्के उत्तर नव्हते. वीस वर्षे आम्ही मुलांना अर्ज कसा लिहावा हे शिकवत आलो. अर्जात काय लिहू नये हे कधी शिकवलेच नाही. म्हणून आम्ही बसून वाचले, माहीतगारांना विचारले. जे समजले ते आपल्या वालिदैनसाठी, मुलामुलींसाठी इथे सोप्या भाषेत मांडत आहोत.

नाव वाचूनच अर्ज बाजूला पडतो का?

आपल्या घरात ही गोष्ट नेहमी बोलली जाते. "आपलं नाव बघितलं की बोलवत नाहीत." काही जण म्हणतात, हे आपले बहाणे आहेत, मुलांनी मेहनत करावी. दोन्ही बाजूंनी भरपूर बोलले जाते, पण यावर नीट अभ्यासही झालेले आहेत.

आपल्याच महाराष्ट्रातले, अमरावती जिल्ह्यातले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ पॉल अटवेल यांनी २००५-०६ मध्ये एक प्रयोग केला. इंग्रजी वर्तमानपत्रांत खासगी कंपन्यांच्या ज्या जाहिराती येत होत्या त्यांना त्यांनी अर्ज पाठवले. ६६ आठवडे हे काम चालले. ५४८ जाहिराती आणि ४,८०८ अर्ज. शिक्षण सारखे, अनुभव सारखा, फक्त नाव वेगळे. एक नाव उच्चवर्णीय हिंदू वाटेल असे, एक दलित, एक मुस्लिम. २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला मुलाखतीचे बोलावणे येण्याची शक्यता साधारण दोन तृतीयांश निघाली, आणि मुस्लिम नावाला एक तृतीयांश.

२०२२ मध्ये 'लेड बाय फाउंडेशन' या संस्थेने मुस्लिम मुलींबाबत असाच प्रयोग केला. दोन काल्पनिक बायोडाटा तयार केले. पात्रता एकच, एकीचे नाव हिंदू, दुसरीचे मुस्लिम. दोघींच्या नावाने नोकऱ्यांसाठी अर्ज गेले. हिंदू नावाला २०८ ठिकाणांहून होकारार्थी उत्तर आले, मुस्लिम नावाला १०३. म्हणजे जवळजवळ निम्मे.

या आकड्यांचा अर्थ नीट घ्यायला हवा. प्रत्येक मालक भेदभाव करतो असा तो नाही. १०३ ठिकाणी त्या मुस्लिम मुलीला उत्तर आलेच. पण बायोडाटा तोच असताना केवळ नावामुळे दरवाजे कमी होतात, हे यातून दिसते. म्हणून मुलाला नोकरी लागली नाही की घरात लगेच "तूच कमी पडलास" असे म्हणू नये. आणि तो खरेच कमी पडला असेल तर सगळा दोष नावावरही टाकू नये.

एक ई-मेल, एक गुन्हा

बहुतेक वेळा नकार येतच नाही. येते ती नुसती शांतता. फोन वाजत नाही, बस्स. म्हणून भेदभाव सिद्ध करणे फार अवघड जाते. पण मे २०१५ मध्ये मुंबईत एक वेगळीच गोष्ट घडली.

एमबीए झालेल्या एका तरुणाने हिरे निर्यात करणाऱ्या एका कंपनीला ई-मेलने अर्ज पाठवला. काही मिनिटांतच उत्तर आले की आम्ही फक्त बिगरमुस्लिम उमेदवार घेतो. तरुणाने ते उत्तर पुसले नाही. लोकांसमोर मांडले आणि पोलिसांत तक्रार दिली. राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोगाने दखल घेतली. कंपनीने सांगितले की ही मनुष्यबळ विभागातल्या एका शिकाऊ कर्मचाऱ्याची चूक आहे, आमचे असे धोरण नाही. त्या तरुणाचे नाव तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांत आले होते. आम्ही ते इथे मुद्दाम देत नाही. एका अर्जाने माणसाची ओळख जन्मभर चिकटून राहावी हे बरे नव्हे.

गुन्हा कोणत्या कलमाखाली नोंदला गेला हे पाहण्यासारखे आहे. तो भारतीय दंड संहितेच्या कलम १५३-ब खाली नोंदला गेला. हे कलम राष्ट्रीय एकात्मतेला बाधा आणणाऱ्या विधानांसाठी आहे. आताच्या भारतीय न्याय संहितेत ते कलम १९७ मध्ये आले आहे. नोकरीतल्या धार्मिक भेदभावासाठी थेट कलम का लावले नाही? कारण खासगी नोकरीसाठी तसे कलमच नाही.

कायद्यातली मोकळी जागा

इथे आपल्या लोकांचा फार गैरसमज असतो. "संविधानात समानता आहे, मग कंपनी कशी काय नाकारते?" असे विचारले जाते.

संविधानाचे कलम १६ सरकारी नोकरीत धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान, निवास या कारणांवरून भेदभाव करायला मनाई करते. हे सरकारला लागू आहे. जिल्हा परिषदेला, महावितरणला, नगर परिषदेला लागू आहे. चाकणच्या खासगी कारखान्याला ते थेट लागू होत नाही.

खासगी मालकासाठी वेगवेगळे कायदे आहेत. स्त्री-पुरुष भेद करू नये यासाठी १९७६ चा समान वेतन कायदा होता. आता ती तरतूद वेतन संहितेत आहे आणि ती भरतीलाही लागू होते. अपंगांसाठी २०१६ चा कायदा आहे. तृतीयपंथीयांसाठी २०१९ चा आहे. एचआयव्हीबाधितांसाठी २०१७ चा आहे. मात्र 'धर्मावरून खासगी नोकरी नाकारू नये' असे सरळ सांगणारा कायदा आपल्याकडे नाही. नोकरी आणि व्यवसायातल्या भेदभावाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १११ क्रमांकाचा करार भारताने १९६० मध्येच मान्य केला आहे आणि त्यात धर्माचा उल्लेख आहे. सच्चर समितीने नोव्हेंबर २००६ मध्ये समान संधी आयोगाची शिफारस केली. पण करार आणि शिफारस घेऊन मुलगा ठेकेदाराच्या दारात उभा राहू शकत नाही.

दुसरीकडचे एक उदाहरण देतो. २००८ मध्ये अमेरिकेतल्या टल्सा शहरात सतरा वर्षांची एक मुलगी हिजाब घालून कपड्यांच्या दुकानात मुलाखतीला गेली. दुकान 'ॲबरक्रॉम्बी' या मोठ्या कंपनीचे. मुलाखत चांगली झाली, पण आमच्या वेशाच्या नियमात डोक्यावर काही चालत नाही म्हणून तिला घेतले नाही. कंपनी कोर्टात म्हणाली, हिजाब धर्मासाठी आहे हे तिने आम्हाला सांगितलेच नव्हते. २०१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी कंपनीचा हा बचाव फेटाळला. न्यायालय म्हणाले की उमेदवाराने सांगितले होते की नाही हा मुद्दा नाही. नकारामागचा हेतू काय होता तो मुद्दा आहे. हे शक्य झाले कारण त्यांच्या १९६४ च्या कायद्यात खासगी मालकालाही धर्मावरून भेदभावाची बंदी आहे.

आपल्याकडे ती बंदी नाही. म्हणूनच दुसरा प्रश्न महत्त्वाचा ठरतो : मालकाच्या हातात आपली किती माहिती जावी?

खासगीपणा म्हणजे काय? दोन जुने खटले

खासगीपणा म्हटले की लोकांना वाटते, हे शहरातल्या श्रीमंतांचे काम. आमचे काय लपवायचे आहे? पण भारतात या हक्काची लढाई ज्यांनी लढली त्यांत एक नवी नोकरी लागलेली बाई होती आणि एक रोजंदारीवरचा मजूर होता.

पहिला खटला आयुर्विमा महामंडळाचा, म्हणजे एलआयसीचा. परीक्षा आणि मुलाखत होऊन एका महिलेची सहायक म्हणून निवड झाली. रुजू होताना घोषणापत्र भरून घेतले. त्यात मासिक पाळी नियमित आहे का, शेवटची कधी आली, गर्भधारणा किती वेळा झाली, गर्भपात झाला का, असे प्रश्न होते. पुढे तिने प्रसूतीची रजा घेतली आणि घोषणापत्रात चुकीची माहिती दिली असे म्हणून १९९० मध्ये परिवीक्षा काळातच तिला काढून टाकले. नीरा माथूर विरुद्ध एलआयसी या नावाने हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ऑक्टोबर १९९१ मध्ये न्यायालयाने तिला परत कामावर घ्यायला लावले. असे प्रश्न स्त्रीला लाजवणारे, मानहानी करणारे आहेत, ते फॉर्ममधून काढून टाका, असे एलआयसीला सांगितले.

हा निकाल आमच्या मुलींनी जरूर लक्षात ठेवावा. आजही मुलाखतीत "लग्न कधी? मुलांचं काय ठरलंय?" असे हसतहसत विचारले जाते.

दुसरा खटला आपल्या मुंबई उच्च न्यायालयातला, १९९७ चा. एका सार्वजनिक कंपनीत हंगामी मजूर म्हणून काम करणाऱ्या माणसाची वैद्यकीय तपासणी झाली. एचआयव्हीची लागण आढळली. बाकी तो धडधाकट होता, काम करू शकत होता. तरी यादीतून त्याचे नाव काढले. न्यायालयाने म्हटले की माणूस काम करायला सक्षम असेल आणि इतरांना धोका नसेल तर केवळ या आजारामुळे रोजी हिरावून घेता येणार नाही. या खटल्याची आणखी एक गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. त्या मजुराला स्वतःचे नाव न सांगता लढू दिले गेले. निकालात त्याचे नाव 'एमएक्स' आहे आणि कंपनीचे 'झेडवाय'. हक्क मागायचा तर इज्जत उघड्यावर मांडलीच पाहिजे असे नाही, हे कोर्टाने तेव्हाच मान्य केले. पुढे २०१७ च्या कायद्याने नोकरीसाठी एचआयव्ही चाचणीची अट घालायलाच बंदी केली.

मग २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, जगण्याच्या हक्काचाच तो भाग आहे. पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश. आधारविरुद्ध त्यांनी केलेल्या याचिकेतून हा निकाल आला.

आपल्या भाषेत याला एक चांगला शब्द आहे : अमानत. मी तुझ्याकडे माझा कागद ठेवला म्हणजे तो तुझा झाला नाही. ज्या कामासाठी दिला त्याच कामासाठी तू तो वापरायचा, सांभाळायचा, काम झाले की परत करायचा. कायद्याची सगळी लांबलचक कलमे शेवटी हेच सांगतात.

नवा कायदा काय देतो?

ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. पण नागरिकांच्या कामाची मुख्य कलमे त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होणार आहेत. तोवर माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ४३-अ आणि २०११ चे नियम आहेत. त्या नियमांत पासवर्ड, बँकेची माहिती, आरोग्य, वैद्यकीय कागद, लैंगिक कल, बोटांचे ठसे अशी माहिती 'संवेदनशील' धरली आहे. धर्म आणि जात त्या यादीत नाहीत. हेही माहीत असू द्या.

नव्या कायद्यात आपल्या उपयोगाच्या गोष्टी अशा :

एक, माहिती कशासाठी घेतो हे आधी सांगावे लागेल. ही सूचना इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी हव्या त्या भाषेत मिळायला हवी. त्यात मराठी आहे आणि उर्दूही आहे. म्हणजे अम्मीला उर्दूच वाचता येत असेल तर तिने उर्दूत मागावी.

दोन, संमती कामापुरतीच. कायद्यातच उदाहरण दिले आहे : घरबसल्या डॉक्टरचा सल्ला देणाऱ्या ॲपने फोनमधले सगळे नंबर मागितले आणि माणसाने 'हो' म्हटले, तरी ती संमती नंबरांसाठी धरली जाणार नाही. सल्ला द्यायला नंबरांची गरजच नाही.

तीन, आपली कोणती माहिती त्यांच्याकडे आहे हे विचारण्याचा, चूक दुरुस्त करून घेण्याचा, काम संपल्यावर पुसून टाकायला सांगण्याचा हक्क. कायदा मोडल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मात्र खोटी तक्रार किंवा दुसऱ्याच्या नावाने माहिती दिल्यास आपल्यालाही १० हजारांपर्यंत दंड आहे.

आता उणी बाजू. नोकरीच्या कारणासाठी आणि मालकाचे नुकसान टाळण्यासाठी संमतीशिवायही माहिती वापरायची सूट या कायद्याने मालकाला दिली आहे. ही सूट कुठपर्यंत ताणता येईल हे पुढे न्यायालयात ठरेल. शिवाय कायदा डिजिटल माहितीचा आहे. कागदावर घेतलेली माहिती संगणकात गेली तर तो लागू होतो. ठेकेदाराच्या कपाटात धूळ खात पडलेला फॉर्म त्याच्या कक्षेत येत नाही.

मालकाचीही बाजू आहे

मालकाने काहीच विचारू नये असे आम्ही म्हणत नाही. आमच्या शाळेच्या बसचा ड्रायव्हर कोण आहे, त्याचा परवाना खरा आहे का, त्याच्यावर गुन्हा आहे का, हे तपासलेच पाहिजे असे आम्हीच सभेत सांगतो. सुरक्षारक्षकाची पोलिस पडताळणी २००५ च्या कायद्यानेच सक्तीची आहे. धोक्याच्या कामात वैद्यकीय तपासणी कामगाराच्याच भल्यासाठी असते.

प्रश्न असतो तो वेळेचा आणि गरजेचा. आम्ही मुलांना तीन पायऱ्या सांगतो.

अर्ज करताना नाव, संपर्क, शिक्षण, अनुभव, कामासाठी लागणारा परवाना एवढे पुरे. मुलाखतीत कामाशी निगडित काहीही विचारू दे : पाळीत काम जमेल का, वजन उचलता येईल का, रोज चाकणला कसा येणार. "तुम्ही शुक्रवारी सुट्टी मागणार का?" यापेक्षा "दुपारची सुट्टी एक ते दोन आहे, जमेल ना?" हा प्रश्न मालकालाही शोभतो आणि उत्तरही सोपे होते. नोकरी पक्की झाल्यावर मात्र आधार, पॅन, बँक खाते, जन्मतारीख, वारसाचे नाव द्यावेच लागते. त्याशिवाय भविष्य निर्वाह निधी आणि ईएसआय सुरू होत नाही. तिथे अडून बसलो तर आपलेच नुकसान.

म्हणजे आधार द्यायचाच, पण नोकरी मिळाल्यावर. रांगेत उभ्या दोनशे जणांच्या आधारच्या झेरॉक्स गोळा करून ठेकेदार काय करतो?

नोकरी लागल्यानंतरची नजर

कामावर लागल्यावर प्रश्न संपत नाही. नागपूर महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटाला जीपीएसची घड्याळे बांधली. कामगार कुठे आहे, किती वेळ थांबला, सगळे कार्यालयात दिसते. आपल्या तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यात, भीमाशंकरच्या बाजूला आदिवासी बंधुभगिनी रोजगार हमीवर जातात. जानेवारी २०२३ पासून तिथली हजेरी मोबाइल ॲपवर, दिवसातून दोनदा फोटो काढून घ्यायची झाली. डोंगरात रेंज नसली की फोटो चढत नाही, आणि फोटो नाही तर हजेरी नाही.

कारखान्यात सीसीटीव्ही असणे चूक नाही. कपडे बदलण्याच्या खोलीत, शौचालयाजवळ असणे चूक आहे. हजेरीसाठी बोटाचा ठसा घेणे समजू शकते. सुपरवायझरने तुमचा मोबाइल उघडून व्हॉट्सॲप बघणे समजण्यासारखे नाही. फोनचा किंवा फेसबुकचा पासवर्ड कोणत्याही कामासाठी लागत नाही. तो कोणालाही देऊ नये.

मग करायचे काय?

१. मूळ गुणपत्रिका, मूळ दाखला फक्त दाखवायचा, ठेवायचा नाही. झेरॉक्सवर "फक्त अमुक कंपनीत नोकरीच्या अर्जासाठी" असे लिहून तारीख घालून सही करावी. डिजिलॉकरमध्ये कागद ठेवले तर मूळ कागद घेऊन फिरावे लागत नाही.

२. आधार द्यायचाच तर आधी मास्क्ड आधार द्यावा. त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. सरकारी संकेतस्थळावरून तो फुकट निघतो. बोटांचे ठसेही तिथेच लॉक करून ठेवता येतात.

३. बायोडाट्यात धर्म, जात, वडिलांचा व्यवसाय, लग्न हे लिहायची गरज नाही. लग्नाचा बायोडाटा वेगळा आणि नोकरीचा वेगळा. आपल्याकडे एकच कागद दोन्हीकडे फिरतो, तो थांबवा.

४. नको त्या रकान्यात खोटे लिहू नये. रेघ ओढावी किंवा "निवड झाल्यावर देईन" असे लिहावे. खोटी माहिती पुढे काढून टाकायचे निमित्त बनते.

५. नियुक्तीपत्र मागावे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांप्रमाणे ते प्रत्येक कामगाराला द्यायचे आहे.

६. नकार लेखी आला, त्यात धर्म-जातीचा उल्लेख असेल तर तो जपा. स्क्रीनशॉट, तारीख, नंबर. समाजमाध्यमावर टाकायच्या आधी वकिलाला दाखवा. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींना आणि औद्योगिक कामगारांना उत्पन्न न पाहता मोफत कायदेशीर मदत मिळते. विधी सेवा प्राधिकरणाचा नंबर १५१००. अल्पसंख्याक आयोगाकडेही तक्रार देता येते.

नाव बदलावे का?

आमच्या शिक्षकांच्या खोलीत यावर बराच वाद झाला. एक सहकारी म्हणाले, "अर्जात आडनाव गाळा, पहिल्या नावाचं फक्त अक्षर लिहा. एकदा मुलाखतीला बोलावलं की मुलगा आपली हुशारी दाखवेल." एका विद्यार्थिनीने तसे केलेही. बोलावणे आले. मुलाखतीत पूर्ण नाव विचारले, तिने सांगितले, आणि मग तीच जुनी शांतता. ती म्हणाली, "सर, आधी नुसता फोन येत नव्हता. आता मीच काहीतरी चोरी केल्यासारखं वाटलं."

त्या वाक्यानंतर आमचे मत पक्के झाले. धर्माचा रकाना रिकामा सोडणे हा हक्क आहे. नाव लपवायला लागणे ही शिक्षा आहे. अब्बा-अम्मीने दिलेले नाव मुलाने ताठ मानेने लिहावे. मोठ्या कंपन्यांनी हवे तर पहिल्या छाननीत सगळ्यांचीच नावे झाकावीत. आमच्या परीक्षेत उत्तरपत्रिकेवर बैठक क्रमांक असतो, नाव नसते. तपासणाऱ्याला ते शक्य आहे तर भरती करणाऱ्यालाही आहे.

आणि एक नजर आपल्या घरात. आपले दुकान, आपले गॅरेज, आपली शाळा चालवताना आपण कोणाला घेतो? "किस का बच्चा है?" हाच पहिला प्रश्न नसतो का? घरकामाच्या बाईचे आधार, भाडेकरूचे कागद आपल्या फोनमध्ये वर्षानुवर्षे पडून असतात, कधी कधी ग्रुपवरही फिरतात. जो हक्क आपण मागतो तो द्यायलाही शिकले पाहिजे.

आमचे जुन्नर एकेकाळी हातकागदासाठी नावाजलेले होते. कागजी घराणी लगदा कुटून, वाळवून, घोटून कागद करत, आणि पेशवाईच्या दफ्तरांत जुन्नरी कागद वापरला जाई. कागदाची किंमत या गावाला कोणी शिकवायला नको.

त्या फिटर मुलाने शेवटी फॉर्म भरला. धर्म, घर, नातेवाइकांचे नंबर आणि फेसबुक या रकान्यांत रेघ ओढली. मूळ गुणपत्रिका दाखवून परत आणल्या. आठ दिवसांनी तो रुजू झाला. रिकाम्या रकान्यांबद्दल कोणी विचारलेसुद्धा नाही. दुसऱ्या एका मुलीला मात्र "पूर्ण भरा, नाहीतर घेणार नाही" असे सांगितले गेले. तिला त्या पगाराची गरज होती. तिने भरला. तिला आम्ही दोष देत नाही. पोटाची गरज असलेल्या एकट्या मुलीने कायद्यासाठी भांडावे असे सांगणे सोपे आहे. पण पुढच्या वर्षी त्याच दारात दहा मुले एकच रेघ ओढून उभी राहिली, तर तो रकाना ठेकेदारालाच काढावा लागेल.

तेवढ्यासाठी हे लिहिले आहे. हा लेख घरात मोठ्याने वाचा, आणि पुढचा फॉर्म भरताना जवळ ठेवा.